वाचकांचे प्रश्न: साडेसात हजार किलोमीटर आणि घड्याळाची गंमत

प्रश्न: मुलगा स्विंडनला असतो, चवथीला येतोय. तिकीट बघितलं तर लंडनच्या गॅटविक विमानतळावरून रात्री 8 ला निघून गोव्यात मोपाला दुसऱ्या दिवशी सकाळी 10 ला पोचणार, म्हणजे 14 तास, आणि परत जाताना दुपारी 12 ला निघून संध्याकाळी साडेसहाला तिथे. येताना दुप्पट वेळ कसा काय लागतो? नेटवर तर साडेआठ तासच दाखवतात.
*— एक वाचक, म्हापसा*

उत्तर: काकी, उलट आहे, येतानाच कमी वेळ लागतोय! तिकिटावर प्रत्येक गावाचं आपापलं घड्याळ छापतात. चवथीच्या दिवसात इंग्लंड आपल्यामागे साडेचार तास असतं, त्यामुळे 14 मधून साडेचार काढा, साडेनऊ राहिले. जाताना साडेसहात साडेचार मिळवा, 11 झाले. (नाताळात आला तर साडेपाचचा हिशोब धरा, ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी ते लोक घड्याळ तासभर मागे घेतात.)

आता हा दीड तासाचा फरक वाऱ्याचा. विमान जिथून उडतं तिथे वर दहा-बारा किलोमीटरवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचा वारा असतो, जेट स्ट्रीम म्हणतात त्याला, थंडीत तर तो कधीकधी ताशी 200 च्या वर जातो. येताना तो पाठीवर, जाताना तोंडावर.

आणि नेटवरच्या साडेआठ तासांवर फार जाऊ नका, त्या साइट्स नुसता भागाकार करतात, साडेसात हजार किलोमीटर अंतर भागिले विमानाचा ताशी 900 चा वेग, संपलं. ते अंतर पृथ्वीच्या गोलावरून सगळ्यात जवळच्या रेषेचं, आणि ती रेषा पाकिस्तानचा किनारा, इराण, काळा समुद्र करत युक्रेनच्या दक्षिण टोकावरून जाते. युक्रेनचं आकाश फेब्रुवारी 2022 पासून प्रवासी विमानांना बंद, पाकिस्तानने एप्रिल 2025 मध्ये भारतीय कंपन्यांना बंद केलं, मग वळसा आलाच. शिवाय तिकिटावरचा वेळ गेट ते गेट असतो, रनवेपर्यंत रांगत जाणं, उतरायची परवानगी मिळेपर्यंत वर घिरट्या घालणं, हे सगळं त्यात धरलेलं असतं.

प्रश्न: पाहुण्यांच्या तिकिटावर नुसतं 'गोवा' आहे. गाडी दाबोळीला पाठवू की मोपाला?
*— एक वाचक, फोंडा*

उत्तर: तिकिटावरचा विमानतळाचा कोड बघा. जीओआय म्हणजे दाबोळी, जीओएक्स म्हणजे मोपा. दोन्हींमध्ये रस्त्याने साठेक किलोमीटर आहेत, आणि पर्वरीचं ट्रॅफिक लागलं तर त्या साठ किलोमीटरना किती वेळ लागेल ते कुठलीच साइट सांगणार नाही. फोंड्याहून दाबोळी जवळ म्हणून तिकडेच गाडी काढू नका, आधी तिकिटाचा फोटो मागवा.