नारा शहरासाठी एकच दिवस असेल, तर कोणती मंदिरे पाहावीत?

माझे मत स्पष्ट आहे: सकाळचा निवांत वेळ तोदाइजी मंदिरालाच द्यावा. इ. स. 710 ते 784 या काळात बहुतेक वर्षे नारा ही जपानची राजधानी होती आणि त्या वैभवाची सर्वांत भव्य खूण म्हणजे येथील सुमारे 15 मीटर उंचीची वैरोचन बुद्धाची कांस्यमूर्ती. भारतीय वाचकाने एक गोष्ट आवर्जून लक्षात ठेवावी, ती अशी की 752 साली या मूर्तीचे नेत्रोन्मीलन, म्हणजे कुंचल्याने डोळे रेखून मूर्ती जागृत करण्याचा विधी, बोधिसेन या भारतीय भिक्षूच्या हस्ते झाले होते आणि त्याने हाती धरलेल्या कुंचल्याला बांधलेल्या लांब दोऱ्या उपस्थितांनी धरल्या होत्या. त्या मूर्तीसमोर उभे असताना हे आठवले की मन भरून येते. आजचे लाकडी सभागृह मात्र 1709 मधील पुनर्बांधणीचे असून मूळ वास्तूपेक्षा रुंदीने लहान आहे.

तेथून चढावर असलेल्या निगात्सुदो मंदिराच्या सज्जातून संपूर्ण शहर दिसते, प्रवेशशुल्क नाही. पुढे दगडी दीपस्तंभांच्या रांगांमधून कासुगा ताइशा या शिंतो मंदिरापर्यंत चालत जावे. होर्यूजी हे बौद्ध मंदिर शहराबाहेर, इकारुगा येथे असल्याने त्यासाठी स्वतंत्र दिवस राखावा.