भोसरीची टूलरूम सोडून चाकणला जाताय? आधी अनुभवपत्रावरचा हुद्दा वाचा

तुमची पोस्ट काल रात्री वाचली. आज गुरुवारची सुट्टी आहे, म्हणून निवांत बसून लिहितोय. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: भोसरीत अठरा माणसांच्या टूलरूममध्ये (पत्र्याचे पार्ट कापायचे-वाकवायचे साचे, म्हणजे डाय, जिथे बनतात) चार वर्षं पाच महिने झाले, शेठ चांगले आहेत, शिकायला मिळतं, पण पगार अडलाय. चाकणच्या तीन-साडेतीन हजार माणसांच्या कंपनीची ऑफर हातात आहे आणि ते महिन्याभरात हजर व्हा म्हणतायत. छोट्या ठिकाणी राहावं की मोठ्या ठिकाणी जावं, हा प्रश्न. आणि शेवटी सहज जाता जाता तुम्ही लिहिलंय, ‘अपॉइंटमेंट लेटर वगैरे काही नाही, पण शेठ अनुभवपत्र देतो म्हणालेत.’ त्या एका ओळीमुळे मी हे लिहायला घेतलं.

पगार, कॅन्टीन, बस, मेडिक्लेम, शनिवार-रविवार याबद्दल इतरांनी लिहिलंच आहे, ते परत सांगत नाही. माझी हकीकत सांगतो, कारण २०१३ साली मी अगदी तुमच्याच जागी उभा होतो.

टूल अँड डायचा डिप्लोमा करून जून २००६ मध्ये मी भोसरी एमआयडीसीतल्या एका टूलरूममध्ये लागलो. सोळा माणसं, दोन वायरकट (तारेने धातू कापणारी मशिनं), एक व्हीएमसी (कॉम्प्युटरवर चालणारं मिलिंग मशीन), एक जुनं सरफेस ग्राइंडर. पहिलं वर्ष ट्रेनी. दुसऱ्या वर्षापासून ड्रॉइंग वाचण्यापासून ट्रायलपर्यंत सगळं माझ्याकडे. रात्री दोनला गिऱ्हाइकाच्या प्रेसशॉपमध्ये उभं राहून ट्रायल घ्यायची, पार्टला एकाच बाजूला बर (कापल्यावर कडेला राहणारी धार) येतोय म्हणजे पंच (डायचा कापणारा भाग) एका अंगाला सरकलाय हे तिथल्या तिथे ओळखायचं, डाय उतरवायची, टेंपोत घालून परत आणायची आणि सकाळच्या पहिल्या शिफ्टला दुरुस्त करून पोचवायची. हे मला कुठल्याही मोठ्या कंपनीने शिकवलं नसतं. नंतर ज्या कंपनीत गेलो तिथे डिझाइनवाला वेगळा, वायरकटवाला वेगळा, असेंब्लीवाला वेगळा, आणि ट्रायलला फक्त क्वालिटीची माणसं. दहा वर्षं एकाच प्रकारच्या इन्सर्टचं (डायमधल्या सुट्या तुकड्याचं) काम करणारी हुशार पोरं मी तिथे पाहिलीत. त्यांना पूर्ण डाय कधी उभी करायलाच मिळाली नाही. त्यामुळे माझं मत ठाम आहे: आपल्या धंद्यात पहिली चार-पाच वर्षं छोट्याच ठिकाणी काढावीत. हे टूलरूमपुरतं बोलतोय. आयटी, बँक, औषध कंपन्या यांतलं मला कळत नाही.

तुमची ती चार वर्षं झालीत. म्हणजे जायला हरकत नाही. पण निघायचं कसं, हे निघण्याइतकंच महत्त्वाचं आहे, आणि माझं तिथेच चुकलं.

फेब्रुवारी २०१३ मध्ये मी राजीनामा दिला. सहा वर्षं आठ महिने झाले होते. शेठ नाराज झाले नाहीत. उलट ग्रॅच्युइटी न मागता दिली आणि ती सात वर्षांची धरून दिली (सहा महिन्यांच्या वरचा काळ पूर्ण वर्ष धरतात, कायदाच आहे, पण किती मालक आपणहून देतात?). शेवटच्या दिवशी हिशेबनिसाने पाकीट हातात दिलं. मी तिथेच उभ्या उभ्या पत्र उघडलं, नावाचं स्पेलिंग पाहिलं, दोन्ही तारखा पाहिल्या, शिक्का-सही पाहिली आणि घडी घालून ठेवलं. सगळ्यांना पेढे वाटले आणि निघालो.

त्या पत्रात हुद्द्याच्या जागी ‘ट्रेनी’ लिहिलं होतं.

कसं झालं ते नंतर कळलं. आधीच्या वर्षी एक शिकाऊ मुलगा सोडून गेला होता, त्याचं पत्र कॉम्प्युटरवर होतं. हिशेबनिसाने त्यातलं नाव आणि तारखा बदलल्या, बाकी मजकूर तसाच राहिला. कुणाच्या मनात काही वाईट नव्हतं. पण कागदावर मी पावणेसात वर्षं ट्रेनी झालो. आणि ते खोडून काढणारा दुसरा कागद माझ्याकडे एकही नव्हता. अपॉइंटमेंट लेटर नाही, पगाराच्या स्लिपा नाहीत, पगार पाकिटातून रोख. पीएफ २०१० पर्यंत नव्हताच, कारण माणसं वीसच्या आत होती. पुढे बावीस झाली तेव्हा तो सुरू झाला.

नव्या कंपनीच्या ऑफर लेटरमध्ये ‘सीनियर इंजिनिअर’ होतं आणि खाली बारीक अक्षरात, कागदपत्रांच्या पडताळणीच्या अधीन. हजर झाल्यावर जे नेमणूकपत्र हातात आलं त्यात ग्रेड दोन पायऱ्या खाली होती. पण हातात येणारा एकूण पगार ठरल्याइतकाच. बेसिक (मूळ पगार) कमी करून फरक ‘पर्सनल पे’ म्हणून वेगळा दाखवला होता. मी एचआरला विचारलं. तिथल्या मॅडम फार गोड बोलल्या: ‘पैसे तर तेवढेच आहेत ना सर? कन्फर्मेशनच्या वेळी ग्रेड करेक्ट होईल.’ मी विश्वास ठेवला. ईमेलवर लिहून मागितलं नाही. घरी सांगितलं, पगार ठरल्याप्रमाणेच आहे.

सहा महिन्यांनी कन्फर्मेशनला (नोकरी कायम व्हायच्या वेळी) गेलो तेव्हा त्या मॅडम दुसऱ्या प्लान्टला गेल्या होत्या. नव्या माणसाने सांगितलं, पोर्टलवर तिकीट टाका. टाकलं. चार दिवसांनी उत्तर आलं, ‘अनुभवाचा पुरावा जोडा’, आणि तिकीट बंद. पुन्हा टाकलं, पुन्हा बंद. शेवटी एकाने फोनवर सांगितलं, जुन्या कंपनीकडून दुरुस्त पत्र आणा.

गेलो भोसरीला. शेठ ग्राइंडरवर होते, कूलंटचे हात पुशीत बाहेर आले. दोऱ्याने गळ्यात अडकवलेला चष्मा लावून त्यांनी ते पत्र वाचलं आणि दोन मिनिटं काही बोललेच नाहीत. मग हिशेबनिसाची वाट न बघता लेटरहेड काढलं आणि स्वतःच्या हाताने लिहिलं, की हा माणूस जून २००७ पासून टूलमेकर म्हणून आणि २००९ पासून टूलरूमचा प्रमुख म्हणून काम पाहत होता, आधीच्या पत्रातला हुद्दा आमच्या चुकीने पडला आहे. खाली सही, शिक्का, तारीख, स्वतःचा मोबाइल नंबर. म्हणाले, ‘कोणाला विचारायचं असेल तर मला फोन करू दे.’

कोणी फोन केला नाही. एचआरचं उत्तर आलं की पहिल्या पत्राची पडताळणी बाहेरच्या एजन्सीकडून पूर्ण झाली आहे, त्यानंतरच्या तारखेचं पत्र रेकॉर्डवर घेता येत नाही. म्हणजे दुरुस्त पत्र आणा असं त्यांनीच सांगितलं, आणि आणल्यावर नंतरच्या तारखेचं आहे म्हणून नाकारलं! दुरुस्तीचं पत्र आधीच्या तारखेचं कसं असेल? मी माझ्या मॅनेजरला घेऊन गेलो. त्याचं माझ्याबद्दल उत्तम मत होतं, पण तोही म्हणाला, ‘हे माझ्या हातात नाही.’ ज्याच्या हातात आहे तो माणूस मला दहा वर्षांत भेटला नाही. पोर्टल होतं, तिकीट नंबर होता, ‘डिअर एम्प्लॉयी’ होतं. छोट्या कंपनीत चूक झाली तर ती करणारा आणि दुरुस्त करणारा समोर बसलेला असतो. मोठ्या ठिकाणी नियम चांगले असतात, पगार एक तारखेला होतो, हे मी नाकारत नाही. पण तिथे तुमच्या बाजूने बोलणारा फक्त कागद असतो. तो चुकीचा असेल तर तोंडी शपथा घेऊन उपयोग नाही.

२०१५ मध्ये शेठ वारले. मुलाने मशिनं विकली. तिसऱ्यांदा विचारायला जायला जागाच उरली नाही. ते हाताने लिहिलेलं पत्र माझ्याकडे आहे.

ग्रेडचं नुकसान लोकांना पटकन कळत नाही, म्हणून सांगतो. एका ग्रेडमध्ये किमान तीन वर्षं काढल्याशिवाय बढतीचा विचारच नाही, असा तिथला नियम. म्हणजे जिथून सुरू करायला हवं होतं तिथे पोचायला मला सहा वर्षं लागली, आणि पोचलो ते २०१९ मध्ये, वाहन उद्योगात मंदी आली आणि बढत्या गोठल्या तेव्हा. वार्षिक वाढ बेसिकवर टक्क्याने, पर्सनल पे आहे तिथेच. पीएफचे बारा टक्के बेसिकवर. ग्रॅच्युइटीही तेव्हा शेवटच्या बेसिकवर: भागिले २६, गुणिले १५, गुणिले वर्षं. बेसिकमध्ये नुसता सहा हजारांचा फरक धरा, दहा वर्षांची ग्रॅच्युइटी साधारण ३४,६०० रुपयांनी कमी व्हायची. पीएफ, बोनस, पुढच्या नोकरीतलं ‘सध्याचं बेसिक किती’, हे सगळं वेगळंच. आणि ज्या पोरांना मी डाय बसवायला शिकवलं ती माझ्या अप्रेझलवर सही करायला लागली. हे पैशात मोजता येत नाही.

त्यामुळे तुम्हाला माझा आग्रह एवढाच, की पत्राचा मसुदा तुम्ही स्वतः करून न्या. शेठना वेळ नसतो, हिशेबनिस जुनंच पत्र उघडणार. त्यात कुठल्या महिन्यापासून कुठला हुद्दा, हे टप्प्याने लिहा. कुठलं काम स्वतंत्रपणे केलं ते एका वाक्यात. सही करणाऱ्याचं नाव आणि फोन. हे राजीनामा द्यायच्या आधी बोला, शेवटच्या दिवशी नाही, त्या दिवशी कोणाचंच लक्ष नसतं. आणि पडताळणीचा फोन आला तर तो कोण उचलणार आणि काय सांगणार, हे हिशेबनिसाशी समोरासमोर ठरवा. शक्य असेल तर आजच्या तारखेचं पगाराचं प्रमाणपत्रही घ्या. पगार बँकेत जमा होत असेल तर सगळी स्टेटमेंट काढून ठेवा. पीएफ कापला जात असेल तर त्याचं पासबुक उघडून प्रत्येक महिन्याची रक्कम जमा आहे का ते बघा. पगारातून कापलंय म्हणजे भरलंय असं नसतं.

पीएफवरून आठवलं: निघताना काढून घेऊ नका, नव्या खात्यात वर्ग करा. मी २०१३ मध्ये फॉर्म १९ (पीएफ काढायचा) आणि १०सी (पेन्शनचे पैसे काढायचा) दोन्ही भरून पावणेतीन वर्षांचे पैसे काढले, गाडीच्या डाउन पेमेंटला. १०सी भरला की त्या काळाची पेन्शनची सेवा संपते. पेन्शनला दहा वर्षं लागतात, त्यात ही पावणेतीन वर्षं मोजली जात नाहीत. सलग पाच वर्षं व्हायच्या आत काढलं तर करही लागतो.

आता महिन्याभरात हजर होण्याबद्दल. घाई करू नका. तुम्हाला चार वर्षं पाच महिने झालेत. ग्रॅच्युइटीला पाच वर्षं लागतात, पण पाचव्या वर्षातले २४० दिवस भरले तर ते वर्ष पूर्ण धरावं, असा मद्रास उच्च न्यायालयाचा निकाल आहे. काही मालक तो मानतात, काही पूर्ण पाच वर्षांवर अडून बसतात. अठरा माणसं आहेत म्हणजे ग्रॅच्युइटीचा कायदा तुमच्या शेठना लागू आहे. त्यांना सरळ विचारा, आणि चाकणवाल्यांकडे तीन-साडेतीन महिने मागून बघा. मोठ्या कंपन्या स्वतःच्या माणसाला नव्वद दिवसांची नोटीस लावतात, त्यामुळे इतका वेळ मागणं त्यांना नवीन नाही. नाही म्हणाले तर मग हिशेब करून ठरवा. मी वकील नाही, आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्यात, तेव्हा जाणकाराला एकदा विचारून घ्या.

अजून एक, तुमच्या पोस्टमध्ये हे स्पष्ट नाही. ऑफर कंपनीच्या रोलवर (थेट कंपनीच्या पटावर) आहे की ठेकेदाराच्या? चाकणला गेटवर बोर्ड एकाचा आणि पगार दुसऱ्याकडून, हे सर्रास चालतं. ऑफर लेटरवर कोणाचं नाव आणि सही आहे ते बघा. ठेकेदाराचं असेल तर माझं स्पष्ट मत, भोसरीतच राहा आणि शेठकडे पगारवाढ मागा.

मी आता परत भोसरीतच साठ-पासष्ट माणसांच्या ठिकाणी टूलरूम सांभाळतो. मुलाखतीला येणाऱ्या पोरांची पत्रं माझ्या हातात येतात तेव्हा मी आधी हुद्दा वाचतो, आणि चुकलेला वाटला तर पत्र लिहिणाऱ्या मालकाला स्वतः फोन लावतो. दोन मिनिटं लागतात.

नेमणूकपत्र हजर व्हायच्या आधीच मागून घ्या, ते आलं की ग्रेड आणि बेसिक ऑफरशी ताडून बघा, फरक असेल तर सही करायच्या आधी ईमेलवर विचारा आणि उत्तर येईपर्यंत भोसरीचा राजीनामा देऊ नका. अनुभवपत्राचा मसुदा तयार झाला की नाव आणि कंपनी झाकून इथे टाका. मी वाचून सांगतो.