29,400 च्या कोटेशनला होकार देण्याआधी

प्रश्न : जून 2014 ची पेट्रोल हॅचबॅक आहे, 78,000 किलोमीटर झालेत. गेल्या आठवड्यात डॅशबोर्डवर बॅटरीचा लाल दिवा लागला आणि दुसऱ्या दिवशी गाडी सुरूच झाली नाही. कंपनीच्या वर्कशॉपने अल्टरनेटर (इंजिन चालू असताना बॅटरी चार्ज करणारा भाग) 17,900, बेल्ट-टेन्शनर (तो फिरवणारा बेल्ट आणि बेल्ट ताणून धरणारा भाग) 3,200, बॅटरी 6,300 आणि मजुरी 2,000 असं एकूण 29,400 चं कोटेशन दिलंय. ओळखीचा ऑटो इलेक्ट्रिशियन 4,800 मध्ये खोलून दुरुस्त करून देतो म्हणतो. पुण्यात नाना पेठेतल्या सुट्या भागांच्या बाजारात विचारलं तर नवा अल्टरनेटर 10,500 ला आहे. बॅटरी 16 महिन्यांपूर्वीच घातली होती. वडिलांना आठवड्यातून दोनदा डायलिसिसला न्यावं लागतं. एफडी 50,000 ची आहे, नाहीतर क्रेडिट कार्ड. की गाडीच बदलावी? (एक वाचक, सिंहगड रोड)

उत्तर : पत्रात रुपयांचे सगळे आकडे आहेत, व्होल्टचा एकही नाही. इंजिन चालू असताना बॅटरीवर किती व्होल्ट येतात, हे ना वर्कशॉपने लिहून दिलं ना इलेक्ट्रिशियनने. ते कळल्याशिवाय 4,800 स्वस्त की महाग हे ठरवता येत नाही, त्यामुळे पहिला खर्च मोजणीचा करा. साधा डिजिटल मल्टिमीटर पाचेकशे रुपयांत मिळतो, किंवा ज्याच्याकडे तो आहे अशा वायरमनला घरी बोलवा.

बॅटरी आधी बाहेरच्या चार्जरवर रात्रभर चार्ज करून घ्या. गाडी बंद असताना 12.6 च्या आसपास व्होल्ट हवेत. 12.2 म्हणजे अर्धी, 12 च्या खाली म्हणजे रिकामी. मग इंजिन सुरू करा. आता 13.8 ते 14.4 दिसायला हवेत. हेडलाइट, एसीचा पंखा, वायपर असा सगळा लोड लावून इंजिन थोडं रेस केलं तरी 13.5 च्या खाली जाऊ नये. आकडा 12.6 वरून हळूहळू उतरतच राहिला तर चार्जिंग होत नाही. 15 च्या वर गेला तर रेग्युलेटर (व्होल्टेज आवरणारा भाग) बिघडलाय आणि बॅटरी उकळतेय. मीटर एसी, म्हणजे उलटसुलट वाहणाऱ्या प्रवाहाच्या, व्होल्टवर ठेवून अर्ध्या व्होल्टहून जास्त दाखवत असेल तर अल्टरनेटरमधल्या डायोडवर (प्रवाह एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या भागावर) संशय घ्या. फुटलेला डायोड गाडी उभी असतानाही बॅटरी पितो, आणि सकाळी गाडी उठत नाही.

एवढ्यावरही अल्टरनेटर दोषी ठरत नाही. त्याच्या मागच्या जाड वायरच्या बोल्टपासून बॅटरीच्या प्लसपर्यंत, इंजिन चालू आणि लोड लावलेला असताना, 0.3 व्होल्टहून जास्त फरक पडत असेल तर दोष वायरचा, गंजलेल्या टर्मिनलचा किंवा मोठ्या फ्यूजचा आहे. ते काम काही शे रुपयांत होतं. बेल्ट चकाकत असेल, चिरा गेल्या असतील, सकाळी चीं असा आवाज येत असेल तर तो घसरतोय. असल्या बेल्टवर चांगला अल्टरनेटरही पुरेसं चार्ज करत नाही. एक गोष्ट मात्र कोणालाही करू देऊ नका : चालू इंजिनवर बॅटरीचं टर्मिनल काढून 'डायनामो चालतोय का' बघणं. जुने कारागीर अजून करतात. त्या क्षणी उसळणाऱ्या व्होल्टेजने गाडीचा ईसीयू (इंजिन चालवणारा छोटा कॉम्प्युटर) जाऊ शकतो, आणि मग आजचं कोटेशन किरकोळ वाटेल.

समजा, दोष अल्टरनेटरमध्येच निघाला. तरी 'अल्टरनेटर गेला' हे निदान अर्धवटच. आत झिजतात ते कार्बन (फिरत्या भागाला वीज पोचवणारे ब्रश), दोन बेअरिंगं, रेग्युलेटर आणि डायोड प्लेट. हे चारही भाग बदलता येतात आणि 78,000 किलोमीटरला कार्बन संपणं यात नवल काहीच नाही. याउलट स्टेटरचं, म्हणजे स्थिर भागाचं, वाइंडिंग काळं पडून जळका वास येत असेल, किंवा रोटरच्या, म्हणजे फिरणाऱ्या भागाच्या, स्लिप रिंगवर (कार्बन जिथे घासतात त्या कड्यांवर) खोल चरे पडले असतील, तर दुरुस्तीत पैसे घालू नका. म्हणून इलेक्ट्रिशियनला सांगा : तुमच्यासमोर उघडायचा, आणि 4,800 मध्ये काय काय बदलणार ते आधी कागदावर लिहायचं. फक्त कार्बन आणि एक बेअरिंग बदलायचं असेल तर हा दर जास्त आहे. चारही भाग नामांकित कंपनीचे आणि सहा महिन्यांची लेखी हमी असेल तर ठीक आहे.

आता बॅटरी. 16 महिन्यांची बॅटरी बदलायला सांगणं मला पटत नाही. गाडीच्या बॅटऱ्यांना बहुधा तीन ते पाच वर्षांची वॉरंटी असते, त्यातला पहिला भाग मोफत बदलून देण्याचा आणि उरलेला वापराच्या प्रमाणात सूट देण्याचा. बिल आणि वॉरंटी कार्ड शोधा, विक्रेत्याकडून ती पूर्ण चार्ज करून लोड टेस्ट करून घ्या. चार्जिंगच नसल्यामुळे ती रिकामी झाली असण्याची शक्यता जास्त. 6,300 तिथेच वाचले. आणि खरंच बाद निघाली तर जुन्या बॅटरीची किंमत बिलातून वजा करून घ्यायला विसरू नका.

राहिला हिशोब. गाडीची नोंदणी 15 वर्षांची, म्हणजे जून 2029 ला संपते. पुढे फिटनेस, नूतनीकरण आणि पर्यावरण कर येतो. म्हणून अजून 36 महिने वापर धरू. वर्कशॉपचा अल्टरनेटर आणि मजुरी मिळून 19,900, म्हणजे महिना सुमारे 550. नाना पेठेतला 10,500 चा, बसवायचे 1,200 धरून 11,700, म्हणजे महिना 325. दुरुस्ती 4,800, म्हणजे महिना 133. तीन वर्षांत पुन्हा एकदा करावी लागली तरी 9,600, तरीही बाजारातल्या नव्याहून कमी.

निव्वळ पैशांत दुरुस्ती जिंकते. पण तुमच्या गाडीत डायलिसिसचा रुग्ण बसतो, आणि दिवा लागल्यावर गाडी फक्त बॅटरीवर साधारण अर्धा-पाऊण तास चालते. पाऊस, वायपर, दिवे आणि सिंहगड रोडची कोंडी असेल तर त्याहून कमी. इलेक्ट्रिक पॉवर स्टिअरिंग असेल तर तेही जड होतं. त्यामुळे माझं मत असं : दोष कार्बन किंवा रेग्युलेटरपुरता असेल तर दुरुस्ती करा आणि त्याच वेळी दोन्ही बेअरिंगं बदलून घ्या. डायोड प्लेट, वाइंडिंग किंवा स्लिप रिंग गेली असेल तर 10,500 चा नवा घ्या. लुकास टीव्हीएस, डेन्सो, वालेओ अशा, वाहन कंपन्यांना माल पुरवणाऱ्या उत्पादकांचा असेल तर उत्तम. पार्ट नंबर, अँपिअर, पुलीच्या खाचा आणि कनेक्टरच्या पिना जुन्याशी जुळवूनच पैसे द्या. जुन्या बाजारातून भंगारातला घेऊन बसवायचा मोह मात्र टाळा. बेंचवर तपासून न दिलेला वापरलेला अल्टरनेटर म्हणजे दुसऱ्याची अडचण विकत घेणं. काम होईपर्यंत वडिलांना रिक्षाने न्या.

बेल्ट आणि टेन्शनरचे 3,200 मी कापणार नाही. बेल्टला चिरा असतील किंवा टेन्शनर हाताने फिरवताना घरघरत असेल तर आत्ताच बदला. अल्टरनेटर काढलेलाच असतो, वेगळी मजुरी लागायला नको. बिल जीएसटीसह घ्या. 22 सप्टेंबर 2025 पासून सुट्या भागांवर सरसकट 18 टक्के आहे. कोटेशनमध्ये 28 दिसत असेल तर ते जुनं आहे.

गाडी बदलण्याबद्दल थोडक्यात. सहा लाखांचं कर्ज, 9 टक्के, पाच वर्षं : हप्ता सुमारे 12,450 आणि एकूण व्याज जवळपास 1,47,000. वडिलांच्या उपचारांचा खर्च चालू असताना हा हप्ता अंगावर घेऊ नका. अल्टरनेटर हे गाडी विकण्याचं कारण नाही. इंजिन तेल पितंय, पत्रा कुजलाय, क्लच आणि सस्पेन्शन एकदम आलंय असं असतं तर वेगळा विचार केला असता.

पैसे कुठून आणायचे? विमा कंपनीकडून नाही. सर्वसमावेशक पॉलिसीतही झीज आणि विद्युत बिघाड वगळलेले असतात. पॉलिसीत रोडसाइड असिस्टन्स असेल तर टोइंगचे पैसे मात्र वाचतील, पान उलटून बघा. कार्डावर बिल भरून ते थकवलं तर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास, म्हणजे वर्षाला चाळीसच्या वर व्याज. एफडी मोडल्याचा दंड सहसा अर्धा ते एक टक्का. पाच ते पंधरा हजारांचा खर्च पगारातून निघत नसेल तर एफडीच मोडा, पण पूर्ण नको. बँक अर्धवट रक्कम काढू देते का विचारा. नंतर महिना 1,500 ची आरडी फक्त गाडीच्या नावाने सुरू करा, टायर येतीलच.

बसवल्यावर पैसे देण्याआधी गरम इंजिनवर सगळा लोड लावून 13.5 च्या वर व्होल्ट दिसतात का ते बघा, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी सुरू न करता पुन्हा मोजा. 12.4 च्या खाली असेल तर गाडीत कुठेतरी करंट गळत असेल किंवा बॅटरी कमकुवत असेल. अल्टरनेटरवर वरून इंजिन ऑइल ठिबकत असेल तर ती गळती आधी थांबवा, नाहीतर नवाही तसाच जाईल. वॉशिंग सेंटरवाल्याला इंजिनच्या भागात प्रेशरचं पाणी मारू देऊ नका. हेडलाइटला जास्त वॉटचे बल्ब लावले असतील तर मूळ 60/55 वॉटचे परत बसवा. आणि वर्कशॉपमध्येच काम केलंत तर जुना अल्टरनेटर मागून घ्या, दुरुस्ती करणारे तो विकत घेतात.