‘द ब्लॅक कीज’ परत गॅरेज साउंडकडे वळले म्हणतात, मग ‘लेट्स रॉक’ इतका गुळगुळीत का वाटतो?

तुमचे कान शाबूत आहेत, काळजी नसावी. २०१९ मध्ये ‘द ब्लॅक कीज’ या अमेरिकन रॉक बँडचा ‘लेट्स रॉक’ हा अल्बम आला तेव्हा जो तो ‘बँड मूळपदावर, म्हणजे कच्च्या, खरखरीत गॅरेज साउंडवर आला’ असं लिहीत होता, आणि तुम्ही म्हणता तसं ऐकायला बसलं की सगळं कसं इस्त्री केल्यासारखं. माझं मत विचाराल तर ब्लॅक कीज परतले हे खरं, पण त्या अल्बममध्ये नाही. ते परतले २०२१ च्या ‘डेल्टा क्रीम’मध्ये.

आधी ते निघाले कुठून, ते बघू. ओहायो राज्यातलं अ‍ॅक्रन हे टायरवाल्यांचं गाव, गुडइयरचं मुख्यालय आजही तिथेच. डॅन ऑरबाख गिटार आणि गाणं, पॅट्रिक कार्नी ड्रम, बस, दोघंच. बास गिटारही नाही. २००२ चा पहिला अल्बम ‘द बिग कम अप’ त्यांनी कार्नीच्या घराच्या तळघरात रेकॉर्ड केला. पुढच्या वर्षीचा ‘थिकफ्रीकनेस’ही तिथलाच, आणि त्यातला बहुतेक भाग एका १४ तासांच्या बैठकीत उरकलेला. कारण अगदी साधं होतं. कंपनीने दिलेली थोडीफार आगाऊ रक्कम घरभाड्यात गेली होती, स्टुडिओ कुठून परवडणार?

‘थिकफ्रीकनेस’च्या रेकॉर्डिंगचं यंत्र होतं टास्कॅम ३८८. मिक्सर आणि टेप मशीन एकाच डब्यात, पाव इंच रुंदीच्या टेपवर आठ ट्रॅक. एवढ्याशा टेपवर आठ ट्रॅक कोंबले की प्रत्येकाच्या वाट्याला येते एक बारीकशी पट्टी. त्यात लेव्हल जरा चढवून रेकॉर्ड केलं की आवाजाची टोकं दबतात, कडा खरखरीत होतात. लोक ज्याला ‘त्यांचा साउंड’ म्हणतात त्यातला बराचसा हा आहे. हौसेने आणलेला परिणाम नव्हे, होतं ते एवढंच होतं. २००४ चा ‘रबर फॅक्टरी’ तर नावाप्रमाणेच अ‍ॅक्रनमधल्या एका बंद पडलेल्या टायर कारखान्यात केलेला.

मधली वर्षं भराभर सांगतो. २००८ च्या ‘अटॅक अँड रिलीज’साठी डेंजर माउस हा निर्माता आला आणि ते पहिल्यांदा धड स्टुडिओत गेले. २०१० चा ‘ब्रदर्स’, मग २०११ चा ‘एल कामिनो’. ग्रॅमी, मोठाली मैदानं, जाहिराती. २०१४ चा ‘टर्न ब्लू’ अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेला. तो कीबोर्डच्या धुक्यात बुडालेला अल्बम आहे आणि मला आवडतो, पण तळघर त्यात औषधालाही सापडत नाही. मग मोठी सुट्टी.

आता ‘लेट्स रॉक’. (नावामागची गोष्ट भीषण आहे. २०१८ मध्ये टेनेसीत विजेच्या खुर्चीवर बसवलेल्या एका कैद्याचे ते शेवटचे शब्द.) डेंजर माउस नाही, कीबोर्ड नाहीत, पुन्हा गिटार आणि ड्रम. कागदावर बघितलं तर परतीचा प्रवास पूर्ण. पण त्यातलं ‘लो/हाय’ हे गाणं हेडफोन लावून ऐका. गिटारींचे थर एकावर एक नीट रचलेत, मागे गायिकांचा कोरस चपखल बसलाय, प्रत्येक गोष्ट आपापल्या जागी. गाणं झकास आहे, यात वाद नाही. वाद्यांची यादी जुनी झाली, काम करायची पद्धत नवीनच राहिली, एवढंच माझं म्हणणं.

हा फरक मला रोज समोर दिसतो. मी पुण्यात छोट्या बँडांचं रेकॉर्डिंग करतो. पोरं येतात, ‘दादा, एकदम रॉ पाहिजे, ब्लॅक कीज टाइप’ म्हणतात, आणि पुढच्याच वाक्याला क्लिक (कानात लयीची ठरलेली टिकटिक) लावून आधी ड्रम, मग बास, मग गिटार असं वेगवेगळं रेकॉर्ड करायचं ठरवतात. शेवटी आवाज खरखरीत करणारा फझ आणि टेपची नक्कल करणारं सॉफ्टवेअर, म्हणजे प्लगइन, टाकला की झालं गॅरेज! होत नाही हो तसं. सगळे एका खोलीत एकदम वाजवतात तेव्हा ड्रमच्या माइकमध्ये गिटार शिरते, गिटारच्या माइकमध्ये सिंबल शिरतो. मग एकाची चूक कापायला गेलं की दुसऱ्याचाही लचका तुटतो. टेक, म्हणजे एका दमात केलेलं रेकॉर्डिंग, आवडला तर जसाच्या तसा घ्यायचा, नाहीतर सगळ्यांनी पुन्हा पहिल्यापासून. हे माहीत असलं की माणूस वेगळंच वाजवतो. डोळे एकमेकांवर राहतात, ड्रमर अर्धा श्वास पुढे गेला तर गिटारवालाही त्याच्याबरोबर जातो. ती ओढाताण कुठल्याच प्लगइनमध्ये मिळत नाही.

‘डेल्टा क्रीम’ असाच झाला. ‘लेट्स रॉक’चा दौरा संपता संपता ऑरबाखच्या नॅशव्हिलमधल्या ‘इझी आय साउंड’ स्टुडिओत, दोन दुपारींत मिळून साधारण १० तासांत, तालीम न करता. सोबतीला गिटारवर केनी ब्राउन, ज्याने ब्लूज गायक-गिटारवादक आर. एल. बर्नसाइडबरोबर वर्षानुवर्षं वाजवलंय, आणि बासवर एरिक डीटन. गाणी सगळी दुसऱ्यांची, उत्तर मिसिसिपीच्या ‘हिल कंट्री’ ब्लूजमधली, मुख्यतः बर्नसाइड आणि ज्युनियर किम्ब्रो यांच्या वाटेवरची. या ब्लूजमध्ये चार-चार मात्रांच्या बारा तुकड्यांचा ठरलेला फेरा आणि कॉर्डची ये-जा फारशी नसते. एकच रिफ, म्हणजे गिटारचा छोटा तुकडा, घोळवत राहायचा, आणि भजनात एकाच ओळीवर मंडळी रंगतात तसं त्यातच चढत जायचं. अशा गाण्याला आधी आराखडा आखून उपयोग नसतो, त्यामुळे तालीम न करण्याचं धाडस इथे खपून गेलं. सुरुवातीचं ‘क्रॉलिंग किंगस्नेक’ सहा मिनिटांच्या वर चालतं आणि कुठेही घाई नाही.

गंमत बघा, स्टुडिओ भारीतला, माणसं दोनाहून जास्त, आणि तरीही तळघराच्या जवळ जाणारा हाच. पटत नसेल तर एक सोपा प्रयोग आहे. किम्ब्रोचंच एक गाणं या बँडने दोनदा केलंय: ‘द बिग कम अप’वर ‘डू द रम्प’ या नावाने आणि ‘डेल्टा क्रीम’वर ‘डू द रोम्प’ म्हणून. पाठोपाठ ऐका. पहिल्यात विशीतली दोन पोरं अंगावर येतात, आवाज कोंदट, गळा फाटलेला. दुसऱ्यात खरखर पुष्कळ कमी आहे, प्रत्येक वाद्य स्वच्छ कळतं, पण ताल तसाच सैल आणि जिवंत, दोन गिटारी एकमेकींच्या पायात पाय घालत चालल्यात. मग लगेच ‘लो/हाय’ लावा. मधे काय हरवलं होतं ते मला लिहून सांगायची गरज उरणार नाही.

हे परतणं कायमचं समजू नका मात्र. २०२४ च्या ‘ओहायो प्लेयर्स’मध्ये बेक आणि नोएल गॅलाघरसारखी मंडळी सहलेखक म्हणून आली आणि गाडी पुन्हा पॉपच्या रस्त्याला लागली. त्यामुळे तुम्हाला जे हवंय ते शोधायला नवीन अल्बमची वाट बघत बसू नका. ‘थिकफ्रीकनेस’, ‘रबर फॅक्टरी’ आणि ‘डेल्टा क्रीम’ घ्या, जमलं तर याच क्रमाने. आणि ‘डेल्टा क्रीम’ आवडला तर ब्लॅक कीज सोडून थेट किम्ब्रो ऐका.