इफ फंक्शन आहे की नाही?

प्रश्न : कॉमन लिस्प ही प्रोग्रामिंगची भाषा शिकतोय. मी इफला फंक्शन म्हटलं तर मित्र हसतो. कंस तर सारखेच दिसतात, मग फरक काय? आणि लिस्ट म्हणजेच फॉर्म ना?
– एक वाचक, मालवण

उत्तर : मित्र बरोबर आहे, हसायची गरज नव्हती ते सोडा. फंक्शनला बांगडे साफ करूनच द्यावे लागतात, म्हणजे सगळी आर्ग्युमेंट्स (त्याला दिलेल्या गोष्टी) आधी इव्हॅल्युएट होतात, म्हणजे त्यांची किंमत काढली जाते, आणि मग फंक्शन चालतं. आता हे बघा : (इफ (= क्ष ०) ० (/ १० क्ष)), म्हणजे क्ष शून्य असेल तर ०, नाहीतर १० भागिले क्ष. इफ फंक्शन असतं तर क्ष शून्य असतानाही भागाकार आधीच झाला असता आणि एरर आली असती, पण तसं होत नाही कारण इफ एकच फांदी चालवतो. म्हणून तो स्पेशल ऑपरेटर, आणि अख्खा कंस म्हणजे स्पेशल फॉर्म, या दोघांत लोक हमखास घोळ घालतात. कॉमन लिस्पच्या १९९४च्या अ‍ॅन्सी स्टँडर्डमध्ये (अधिकृत नियमावलीत) असे ऑपरेटर फक्त २५ आहेत. व्हेन (अट खरी असेल तरच आतलं चालवणारा) त्यांत नाही, तो मॅक्रो, कच्चा कोड घेतो नि त्याच्या जागी दुसरा कोड देतो, बहुतेक इफच वापरून.

लिस्ट आणि फॉर्म एकच नाही हां. जे इव्हॅल्युएट करायला दिलं तो फॉर्म, मग नुसता ५ पण फॉर्मच, तो कुठे लिस्ट आहे? उलट '(१ २ ३) मध्ये क्वोटच्या (सुरुवातीच्या ' या खुणेच्या) आतली लिस्ट नुसता डेटा, ती चालवायला गेलात तर १ हे काही फंक्शन नाही म्हणून एरर येईल. निल म्हणजे रिकामी लिस्ट मात्र अतरंगी, लिस्टही आणि अ‍ॅटमही (५ सारखी, आत तुकडे नसलेली गोष्ट).