पर्यावरणाचा पेपर आहे की! मग अजून काय हवं?

पदवीला पर्यावरण सक्तीचं आहेच. आता ही ‘हवामान साक्षरता’, म्हणजे हवामान बदल समजून घेण्याचं शिक्षण, हा आणखी एक पेपर गळ्यात का? (प्राध्यापक, चोपडा)

नवा पेपर नकोच, सर. आहे त्याचं काय होतं ते तुम्ही जाणता. विद्यापीठांनीही हा विषय शिकवावा, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्येच सुचवलं होतं. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) २०२३ च्या आराखड्यात तर हवामान बदलही आहे. गाडी अडते ती प्रोजेक्टवर: मागच्या वर्षीची फाईल, नवं मुखपृष्ठ, स्पायरल बाइंडिंग, सही.

मग तोंडी परीक्षेत ‘पृथ्वी का तापते?’ विचारलं की ‘ओझोनला भोक पडलं म्हणून’ हे उत्तर हमखास येतं. ओझोन विरळ झाला तर अतिनील किरणं जास्त येतात; तापमानवाढीचं मुख्य कारण ते नव्हे. जमिनीतून बाहेर पडणारी उष्णता कार्बन डायऑक्साइड, मिथेन हे वायू अडवतात. कारखानदारी वाढण्यापूर्वी हवेच्या दहा लाख भागांत कार्बन डायऑक्साइड साधारण २८० भाग होता, आता ४२० च्या पुढे गेलाय. पदवीधराला एवढं सांगता येत नसेल, तर त्याला गुण दिले कशाचे?

‘जळगावचा मे तापायचाच, त्यात नवल काय?’ असं काका म्हणतात. त्यांना काय सांगू? (एम.एस्सी. संख्याशास्त्र, रावेर)

काका अर्धे बरोबर आहेत. एका दुपारच्या ४५ अंशांनी काहीच सिद्ध होत नाही. हवामान विभाग सरासरी ३० वर्षांची धरतो, सध्या १९९१ ते २०२० ची. सपाट प्रदेशात पारा ४० वर गेला आणि सरासरीपेक्षा किमान साडेचार अंशांनी जास्त असला, की उष्णतेची लाट. ४५ गाठले तर सरासरी बघायचीही गरज नाही. म्हणून मे महिन्याचा उच्चांक सोडा. चाळिशी पहिल्यांदा कोणत्या तारखेला ओलांडली, रात्री किती उतरलं, हे वर्षावर्षाचं मांडा आणि मग काकांशी वाद घाला.

तुमचा खरा विषय तर घरच्या केळीच्या बागेत आहे. फळपीक विम्यात तापमानाची भरपाई पानं किती करपली ते बघून मिळत नाही. महसूल मंडळातल्या स्वयंचलित हवामान केंद्राने सलग काही दिवस ठरलेला आकडा नोंदवला, तरच मिळते. केंद्र एकीकडे, बाग दुसरीकडे. भोवती शेवरीचं कुंपण, खाली ठिबकची ओल. दोन्हीकडच्या तापमानात फरक किती, आणि तो शेतकऱ्याच्या बाजूने की विरुद्ध? बागेत सावलीला थर्मामीटर टांगा, नोंदी काकांनाच ठेवू द्या, केंद्राच्या आकड्यांशी ताडून बघा. तयार गुणांच्या तक्त्यावर सरासरी काढण्यापेक्षा हा प्रबंध कितीतरी उजवा होईल.

आम्ही बी.कॉम.चे. आमचा काय संबंध? (अमळनेर)

विम्याचा हप्ता, पीककर्ज, सौरपंपाचं अनुदान हे सगळं तुमचंच खातं. शेअर बाजारातल्या सर्वांत मोठ्या १००० कंपन्यांना २०२२-२३ पासून बाजाराच्या नियामक संस्थेच्या, म्हणजे सेबीच्या, नियमाने पर्यावरणाचाही हिशेब द्यावा लागतो. तो लिहायला माणसं लागतात.

स्थापत्यच्या मुलांना हवामान बदलाशी जुळवून घेण्याचं उदाहरण द्यायचं, तर पुस्तकात नेदरलँड्स सापडतं. इथलं काही सांगाल? (अभियांत्रिकी महाविद्यालय, धुळे)

पांझरा तुमच्या शहरातून वाहते आणि उदाहरण समुद्रापलीकडचं! फड पद्धत शिकवा. नदीवर बंधारा, त्यातून पाट, खाली जमिनीचे फड, म्हणजे मोठे तुकडे. एका फडात एकच पीक, वाटपाला पाटकरी, राखणीला जागल्या. पाणी कमी असलं की किती फड भिजवायचे हे लाभधारकच ठरवत. विसर्ग मोजायला मुलांना घेऊन जा. शिवाय साक्री तालुक्यातलं बारीपाडा बघा. तिथे चैत्राम पवारांसोबत गावाने जंगल राखलं, २०२५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. सहल मात्र पावसाळा संपताच काढा. मेमध्ये नेलीत तर मोजायला पाटात पाणी नसेल.