सही तुमची, जीप त्यांची, दावा मात्र तिसऱ्यावरच

प्रश्न : मागच्या ऑगस्टमध्ये आम्ही दोघं दक्षिण आफ्रिकेत लिंपोपो प्रांतातल्या वॉटरबर्ग भागात एका खासगी गेम रँचवर (वन्य प्राणी ठेवलेल्या मोठ्या खासगी रानात) तीन रात्री राहिलो. लॉज एक कुटुंबच चालवतं. वडील रँच बघतात, आई स्वयंपाक करते, मुलगा जीपमधून प्राणी दाखवतो. दुसऱ्या संध्याकाळी गेंडा दिसला म्हणून त्याने रस्ता सोडून जीप उंच गवतात घातली. चाक आर्डवार्क या जमीन खणणाऱ्या प्राण्याच्या बिळात गेलं आणि मी बाहेर फेकले गेले. उजवं मनगट मोडलं, नाशिकला आल्यावर प्लेट बसवावी लागली. माझं शिवणकामाचं दुकान चार महिने बंद राहिलं. 'इजा झाल्यास आम्ही जबाबदार नाही' अशा फॉर्मवर पोहोचल्या दिवशी आमच्या सह्या घेतल्या होत्या. पैसे मात्र मे महिन्यातच एजंटामार्फत भरले होते. त्या मुलाच्या आईने हॉस्पिटलात माझ्या उशाशी बसून रात्र काढली. त्यांच्यावर केस करायला मन घेत नाही, पण खर्चाने कंबर मोडली आहे. काय करू?

उत्तर : ताई, तुमच्या मनावरचं ओझं आधी उतरवते. तुम्ही ठरवलंत तरी त्या कुटुंबावर ही केस करता येणार नाही. तिथला कायदाच ती वाट बंद करतो.

आपल्याकडे मोटार अपघाताच्या दाव्यात आपण चालक, मालक आणि विमा कंपनी अशा तिघांनाही सामनेवाले करतो. दक्षिण आफ्रिकेची व्यवस्था निराळी आहे. तिथे पेट्रोल-डिझेलच्या दरात एक अधिभार असतो आणि त्यातून 'रोड अॅक्सिडेंट फंड' हा सरकारी निधी चालतो. या फंडाच्या 1996च्या कायद्यातल्या कलम 21 प्रमाणे, गाडी चालवताना झालेल्या शारीरिक इजेबद्दल चालक, गाडीचा मालक किंवा चालकाला नोकरीवर ठेवणारा यांच्यावर दावाच लावता येत नाही. भरपाई मागायची ती फंडाकडे. 2010 साली तिथल्या घटना न्यायालयाने ही तरतूद वैध ठरवली.

'रोड' नावात असला तरी अपघात डांबरी रस्त्यावर झालेला असला पाहिजे असं नाही. कलम 17 मधले शब्द आहेत 'देशात कोणत्याही ठिकाणी'. रँचवरचं गवतही त्यात आलं. (तुम्हाला रानम्हशीने धडक दिली असती तर माझं उत्तर वेगळं असतं. तिथे कुंपणातल्या वन्य प्राण्यांवर खासगी मालकी असू शकते, आपल्याला हे ऐकायलाही विचित्र वाटतं. मग भांडण थेट लॉजशी झालं असतं.)

फंड पैसे देतो, पण चालकाची चूक दाखवावी लागते. संधिप्रकाशात, जमीन दिसत नसताना, प्रवाशांना सूचना न देता जीप गवतात घालणं हा माझ्या मते हलगर्जीपणाच आहे. मुलगा चांगला आहे म्हणून त्याचं ड्रायव्हिंग चांगलं ठरत नाही.

आता त्या फॉर्मबद्दल. फंडाची जबाबदारी चालकाच्या जबाबदारीवर बेतलेली असल्याने फंडाचा वकीलही तो कागद पुढे करू शकतो. पण तिथल्या 2008च्या ग्राहक संरक्षण कायद्याचं कलम 49 तुमच्या बाजूने उभं आहे. जोखीम ग्राहकावर टाकणारं कलम सोप्या भाषेत, ठळकपणे आणि मुख्य म्हणजे वेळेत दाखवावं लागतं. व्यवहार ठरण्याआधी किंवा पैसे घेण्याआधी. तुम्ही मे महिन्यात पैसे भरलेत आणि फॉर्म ऑगस्टमध्ये, बॅगा खोलीत टाकताना हातात आला. घोर निष्काळजीपणातून सुटका तर कलम 51 कुणालाच करून देत नाही. 2012 मध्ये छापून आलेल्या एका निकालात हॉटेलचं फाटक पाहुण्याच्या अंगावर पडलं होतं. हॉटेलने अशाच सूचनेचा आधार घेतला, कोर्टाने तो मानला नाही. त्यामुळे सही केली म्हणून हात जोडून बसू नका.

किती मिळेल? उपचाराचा खर्च आणि बुडालेलं उत्पन्न यांवर भर द्या. दुकानाच्या चार महिन्यांसाठी मागच्या तीन वर्षांचे आयटीआर लागतील. नुसता 'दुकान बंद होतं' हा जबाब पुरणार नाही. वेदनेची भरपाई फक्त 'गंभीर' इजेला मिळते आणि त्यासाठी डॉक्टरांचा वेगळा फॉर्म लागतो. मनगट मोडणं सहसा त्यात बसत नाही. मात्र शिवणाऱ्या बाईचं उजवं मनगट कायमचं आखडलं असेल, तर प्रयत्न करून बघण्यासारखा आहे. तेव्हा हाडांच्या डॉक्टरांकडून हालचाल किती कमी झाली याचा लेखी अहवाल आत्ताच घ्या.

मुदत आहे अपघातापासून तीन वर्षं, पण फंडाकडे दाव्यांचा ढीग साचलेला असतो, म्हणून शेवटच्या वर्षाची वाट पाहू नका. वकील तिथलाच लागेल. 'जिंकलो तर फी' या तत्त्वावर काम करणारे तिथे आहेत आणि अशी जादा फी मिळालेल्या रकमेच्या 25 टक्क्यांवर जाऊ शकत नाही. हे करारात लिहून घ्या. मुखत्यारपत्र इथे नोटरी करून त्यावर अपॉस्टिल (परदेशात कागद ग्राह्य धरला जावा म्हणून लागणारा सरकारी शिक्का) घ्या.

एजंटाने पॅकेजमध्ये प्रवास विमा आहे असं सांगितलं होतं का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. असेल आणि पॉलिसी काढलीच नसेल, तर त्याच्यावर नाशिकच्याच जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येईल. तिथे मुदत दोनच वर्षांची.

एक अडचण मात्र सांगून ठेवते. मुलाकडे परवाना नसेल किंवा तो प्यायलेला असेल, तर फंड दिलेले पैसे त्यांच्याकडून वसूल करू शकतो. यातलं काही नसेल तर त्या घराला तोशीस नाही.

त्याचा जबाब मात्र लागणार आहे. म्हणून वकील नेमण्याआधी त्या माउलीला फोन करा. दावा तुमच्यावर नाही, हे तिला वकिलाच्या पत्रातून कळण्यापेक्षा तुमच्या तोंडून कळलेलं बरं.